काकांचा गुडघा आणि ग्वाल्हेरची सावली

आमच्या खानदानी व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात परत तो मेसेज फिरला. प्लूटो सापडायच्या एकोणीस वर्षं आधी एका मराठी माणसाने तो सांगून ठेवला होता, पण गोऱ्यांनी श्रेय लाटलं, वगैरे. खाली तिरंगे, हात जोडलेले. पोह्यांच्या वेळेला आला आणि जिलबी संपायच्या आत सतरा अंगठे पडले. मी एवढंच विचारलं, "काका, दुसऱ्या ग्रहाचं काय झालं?" तेव्हापासून घरात मी 'जास्त शिकलेली' आहे.

ग्रुपवर चार ओळींच्या वर कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.

व्यंकटेश बापूजी केतकर हे नाव खरंच मोठं आहे, हे आधी सांगते. 'ज्योतिर्गणित' लिहिणारा माणूस. पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह यांचा मेळ बसवण्यात आयुष्य घातलं. १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी लिहिलं की नेपच्यूनच्या पलीकडे एक ग्रह असावा, सूर्यापासून पृथ्वीच्या ३९ पट लांब, एका फेरीला सुमारे २४२ वर्षं घेणारा. १९३० मध्ये प्लूटो सापडला. अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरी २४८ वर्षांची. काटा येतो अंगावर, माझ्याही आला. पण केतकरांनी आणखी एक ग्रह सांगितला होता, जवळजवळ ६० पट अंतरावर, ४६० वर्षांच्या फेरीचा. पहिल्याचं नाव ब्रह्मा, दुसऱ्याचं विष्णू. तो विष्णू आकाशात सापडलेला नाही आणि फॉरवर्डमध्येही सापडत नाही.

आता हा हिशेब आला कुठून? गुरूच्या तीन चंद्रांच्या फेऱ्यांमध्ये एक चोख गणिती नातं आहे. फ्रेंच गणिती लाप्लासने ते दाखवलं, आणि ते चंद्र एकमेकांना ओढून ते नातं कसं टिकवतात हेही सांगितलं. केतकरांनी तसंच नातं लांबच्या ग्रहांत असेल असं धरलं. कल्पना देखणी आहे. पण ग्रहांनी ते नातं का पाळावं, याला उत्तर नव्हतं. म्हणून एक लागला, एक हुकला, आणि लागलेला का लागला हे आपल्याला सांगता येत नाही.

"लागला ना पण!" असं काका म्हणाले. इथेच माझं त्यांच्याशी वाजतं.

आठव्या शतकातल्या धर्मोत्तर नावाच्या बौद्ध तर्कपंडिताचं एक उदाहरण मला फार आवडतं. कोणीतरी मांस भाजायला विस्तव पेटवलाय, अजून धूर निघालेला नाही. वासाने माश्यांचा थवा जमलाय. लांबून एकजण तो काळा थवा बघतो, धूर समजतो आणि म्हणतो, तिथे विस्तव आहे. आहेच की! मग त्याला 'माहीत होतं' म्हणायचं का? १९६३ मध्ये एडमंड गेटियर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने तीन पानांच्या लेखात हाच घोळ मांडला आणि तत्त्वज्ञानवाले अजून त्यावर भांडतायत. आपल्याकडे हे बाराशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. (हा मेसेज मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.)

आणि माश्यांचा धूर गोऱ्यांनाही दिसला, बरं का. अमेरिकेत पर्सिव्हल लोवेलने युरेनसच्या चालीत उरलेल्या बारीक गडबडीवरून पलीकडे एक ग्रह काढला, पृथ्वीच्या सातेकपट वजनाचा. तो १९१६ मध्ये वारला. १९३० मध्ये त्याच्याच वेधशाळेत क्लाइड टॉमबॉला, लोवेलने सांगितलेल्या जागेपासून सहा अंशांच्या आत, प्लूटो दिसला. केवढा जल्लोष! मग १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र सापडला आणि प्लूटोचं वजन काढता आलं. ते निघालं पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास. एवढीशी चिमूट युरेनसला काय हलवणार? पुढे १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ यान नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वजन नीट कळलं, ते हिशेबात घातलं तर युरेनसची ती गडबडच उरली नाही. नसलेल्या धुरावरून असलेला विस्तव सांगितला गेला होता.

आता आमच्या गच्चीवर या.

इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहे, साधारण २२.७ अंशांवर. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर आपल्या टाळूवर येतो : ६-७ जूनला आणि परत ५-६ जुलैला. या ७ जूनला मी भाचीला घेऊन भर दुपारी गच्चीवर गेले. आधी फुलपात्र ठेवलं, पण त्याचा काठ बाहेर पसरलेला, तो बुडाशी सावलीचं कडं पाडतो. मग प्लंबरने टाकून दिलेला फूटभर पीव्हीसी पाइप आणला, ओळंबा लावून सरळ उभा केला. सव्वाबाराला सावली बोटाच्या जाडीची होती. मग अर्ध्या बोटाची. बारा पंचवीसला पाइपभोवती काही नाही, आणि वरून डोकावलं तर आत तळाशी उन्हाचा गोल रुपया. भाची म्हणाली, "आत्या, पाइप खोटा वाटतोय." खरंच तसा वाटतो, कोणीतरी फोटोत नंतर चिकटवल्यासारखा. वेळ आदल्या रात्री काढून ठेवली होती, इंदूर घड्याळाच्या रेखांशाच्या पश्चिमेला म्हणून साडेसव्वीस मिनिटं मिळवून आणि सूर्याच्या चालीचं मिनिट वजा करून.

काका खाटेवरून म्हणाले, "त्यात काय, पंचांगातही असतं सगळं."

म्हणून मी ग्वाल्हेरला मावशीला फोन लावला. ग्वाल्हेर २६.२ अंशांवर. मावशीला सांगितलं, तुझ्याकडे सावली कधीच जाणार नाही. २१ जूनला, वर्षातला सूर्य सगळ्यात वर असताना, बारा-एकोणीसला फूटभर काठीची सावली दीड सेंटिमीटर उरेल, उत्तरेकडे. त्याहून कमी होणार नाही. मावशीने शिवणकामाची टेप घेऊन गच्ची गाठली (वय बहात्तर, माठातलं पाणी डोक्यावर ओतून घेऊन). फोन आला, "दीडच्या जरा वर. कललेली असेल गं काठी." ग्वाल्हेरच्या लोकांना इंदूरकरांचं काही बरोबर निघालेलं खपत नाही, त्यामुळे हा दाखला मी पक्का धरते.

मला त्यातला 'कधीच' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. पृथ्वीचा आस आज २३.४४ अंश कललाय. आपल्या सूर्यसिद्धान्तात हा कोन २४ धरलाय. हा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात थोडा कमीजास्त होतो, पण साडेचोविसाच्या वर जात नाही. म्हणजे ग्वाल्हेरला ती सावली तानसेनाच्या काळीही होती आणि आपल्या खापरपणतवंडांच्या काळीही राहील. उद्या ग्वाल्हेरात एका दुपारी ती गायब झाली, तर अख्खी गोष्ट कोसळेल : आस, कल, प्रदक्षिणा, सगळं. मान एवढी पुढे काढून ठेवलेली आहे. इंदूरच्या पाइपाचं पंचांगातही असेल, पण इंदूरला जाते आणि ग्वाल्हेरला का जात नाही, हे एकाच कारणातून निघतं. विस्तवाचा धूर हा असा असतो.

मान पुढे काढली की कधी ती छाटलीही जाते, हे काकांच्या बाजूने मीच सांगते. युरेनस वाकडा चालतो म्हणून लव्हेरिए या फ्रेंच गणितीने कागदावर नेपच्यून काढला, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनला तो सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत दिसला. त्याच लव्हेरिएने पुढे बुध थोडा चुकतो म्हणून बुधाच्या आत आणखी एक ग्रह काढला. माणूस तोच, रीतही तीच. त्या ग्रहाचं नावसुद्धा ठेवलं, व्हल्कन. सूर्याजवळचं काही दिसावं म्हणून ग्रहणं बघून बघून लोक थकले, व्हल्कन नाहीच. बुधाचा शतकातला तो ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धान्तातून निघाला, कुठलाही नवा ग्रह न घालता. लव्हेरिएचे दोन्ही हिशेब न्यूटनच्या नियमांवर होते. न्यूटन चुकला, पण कुठे आणि कितीने चुकला हे विकलांत सांगता आलं. असं चुकता येणं ही मला कमाई वाटते.

काकांचा गुडघा कधी चुकत नाही. "दुखतोय, पाऊस येणार." कधी? "आज-उद्यात. आसपास." इंदूरला नाही आला तर देवासला, देवासला नाही तर महूला, कुठेतरी शिंतडतोच. सत्तावीस वर्षं तो गुडघा शंभर टक्के बरोबर आहे. तिकडे हवामान खातं एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा आकडा देतं, शेजारी किती टक्के इकडेतिकडे होईल तेही छापतं, आणि मग २००९ सारखं वर्ष येतं : सांगितला सरासरीच्या ९६ टक्के, पडला ७८. तेव्हा आमच्या ओट्यावर त्यांची किती टिंगल झाली! पण ती चूक आपल्याला टक्क्यांत माहीत आहे. गुडघ्याची माहीत आहे का कोणाला?

हे सगळं काल काकांना वाचून दाखवलं. केतकरांना मी छोटं करत नाही, हे त्यांना पटलं. दुसरा ग्रहही छापायची हिंमत त्या माणसात होती, ती फॉरवर्ड करणाऱ्यांत नाही, यावर तर त्यांनी मान डोलावली. गुडघ्याचं मात्र लागलं. म्हणाले, "ठीक आहे. तुझी ती सावली परत ५ जुलैला जाणार ना? नाही दिसणार तुला. ढग असतील. लिहून घे."

मी लगेच कालनिर्णयावर ५ जुलैच्या चौकोनात लिहिलं : 'दुपारी साडेबारा, ढग – काका.' सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा गुडघ्याने तारीख दिली होती. काकांनी चष्मा लावून वाचलं, पेन मागितलं आणि खाली बारीक अक्षरात जोडलं : 'आसपास.'