बाग की वधस्तंभ? वाद तिथे नाहीच

‘मॉर्मन लोक वधस्तंभ मानत नाहीत, त्यांच्या मते येशूने पापं बागेतच फेडली आणि तारण स्वतःच्या कर्मांनी मिळतं’ असा मजकूर जोरात फिरतोय. मॉर्मन म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सुरू झालेला, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा पंथ; आणि बाग म्हणजे गेथशेमाने, जिथे अटकेआधी येशूनं प्रार्थना केली. तिन्ही विधानं अर्धवट आहेत.

मॉर्मन प्रार्थनामंदिरावर क्रूस दिसत नाही, हे खरं. पण १८३० साली छापलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या धर्मग्रंथात येशू स्वतःच सांगतो की, मला वधस्तंभावर उंच केलं जावं म्हणून पित्यानं पाठवलं. दर रविवारी उपासनेत भाकरीचे तुकडे आणि द्राक्षारसाऐवजी इवल्याशा पेल्यांतून घोटभर पाणी फिरवतात. त्यावरची प्रार्थना पुत्राच्या सांडलेल्या रक्ताच्या स्मरणाचीच असते.

बागेच्या बाबतीत फरक आहे, तो लपवायचं कारण नाही. गेथशेमाने बागेत येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला, असं बायबलमधला शुभवर्तमानकार लूक सांगतो. बहुतेक ख्रिस्ती परंपरांत ही वधस्तंभाआधीची घालमेल. मॉर्मन म्हणतात, पापांचा भार त्यानं तिथेच उचलला. त्यांच्या ग्रंथात तर रोमारोमांतून रक्त येतं. सुरुवात बागेत, शेवट वधस्तंभावर. ‘बागेतच’मधला ‘च’ फिरवणाऱ्याच्या पदरचा.

कर्मांच्या दाव्यासाठी ‘बुक ऑफ मॉर्मन’मधले ‘आपल्याला जमेल ते सगळं केल्यावर’ हे शब्द दाखवले जातात. त्याच वाक्यात आधी ‘कृपेनेच तारण’ आहे, ते सोयीस्कर गाळलं. मॉर्मन शिकवणीत मेलेल्यांतून पुन्हा उठणं सगळ्यांनाच मिळतं, अट काही नाही. सर्वोच्च स्वर्गासाठी मात्र बाप्तिस्मा, मंदिरातले विधी, आज्ञापालन लागतं. ‘केवळ विश्वासानं तारण’ म्हणणाऱ्या ल्यूथरच्या वारसांना, म्हणजे प्रोटेस्टंटांना, हे खटकणारच. पण ते तत्त्व ट्रेंटच्या परिषदेत (१५४५–६३) कॅथलिकांनीही नाकारलं होतं. मग कॅथलिकांनाही ख्रिस्ती मुख्य प्रवाहाबाहेर काढायचं का?

येशूनं पापं फेडण्याला मराठीत ‘प्रायश्चित्त’ म्हणतात, त्या शब्दानं घोळ आणखी वाढतो. आपल्या कानाला ते पाप करणाऱ्यानंच घ्यायचं असतं. इथे ते येशू सगळ्यांसाठी करतो, आणि एवढं मॉर्मन आणि इतर ख्रिस्ती, दोन्ही बाजूंना मान्य आहे.

खरी फारकत तो येशू कोण, यावर आहे. मॉर्मन आदामाच्या पापाचा दोष वारशानं येतो असं मानत नाहीत, पण तीही त्यामानानं लहान गोष्ट. पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे, ही ३२५ साली निकीया इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेची भूमिका त्यांना मान्य नाही. दोघे वेगळे, दोघांना स्वतःचा देह. २००१ मध्ये व्हॅटिकननं मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचं सांगितलं, त्यामागचं मुख्य कारण त्रैक्याबद्दलची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) हीच वेगळी समजूत होतं.