पद्मिनी भंगारात घाला म्हणणाऱ्यांना

एक मेसेज गेल्या महिन्यात मला चार जणांनी पाठवला. त्याचा सारांश असा: पद्मिनीसारखी जुनी गाडी घरी सांभाळणं वेडेपणा आहे. पंधरा वर्षं झाली की कायद्यानं ती भंगारातच जाते, पार्ट मिळत नाहीत, काम घरी जमत नाही आणि इ-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं इंजिन खलास होतं. वडिलांच्या पद्मिनीचं बहुतेक काम मी दारातच करतो, म्हणून उत्तर देतो.

कायद्याचं आधी. मुंबईत 20 वर्षांची मर्यादा टॅक्सीला होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. लोकांनी ती बातमी खासगी गाडीला चिकटवली. दिल्ली परिसराचे निर्बंध वेगळे. आपल्याकडे 15 वर्षांनंतर गाडी आरटीओत तपासून घ्यायची, हरित कर भरायचा, नोंदणी पुढे चालू.

पार्ट मिळतात. 1964 पासून ही गाडी कुर्ल्यात बनत होती. फियाट 1100, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावं बदलत गेली, 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन तेच राहिलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत जुना पार्ट हातात धरून विचारा. पत्रा आणि क्रोमची पट्टी मात्र खरंच छळतात.

"घरी जमत नाही" हे मला सगळ्यात खटकतं, कारण ही गाडी डोळ्यांनी वाचता येते. सकाळी स्टार्ट होत नाही? डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डब्याची टोपी काढा, आतले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जळालेत का बघा, बारीक पॉलिश पेपरनं साफ करा, फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीनं, गॅप लावा. स्पार्क निळा आणि ठसठशीत पडायला हवा. पिवळट पडत असेल तर पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर बदलून बघा. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये बंद पडली की लोक इंजिन गेलं म्हणतात. बहुतेक वेळा उष्णतेनं पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडलेला असतो. फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं थांबा. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना नेमानं ग्रीस मारलं नाही, तर मात्र स्टिअरिंग जड होणार आणि टायर खाल्ले जाणार. तो दोष गाडीचा नाही.

इ-20 बद्दल मेसेज अर्धा खरा आहे. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि पाणी शोषतं, त्यामुळे टाकीला आतून गंज धरतो. उपाय मोठा नाही: पाइप आणि पंपाचा डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) इथेनॉल सोसणारे बसवा, गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. मिश्रण पातळ पडून, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडून, गाडी पिकअपला अडखळत असेल, तर कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल किती जाईल ते ठरवणारं बारीक छिद्र) जाणत्या मेकॅनिककडून बघून घ्या.

ब्रेकला मी स्वतः हात लावत नाही. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ हवेच्या झोतानं कधीच उडवू नका. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, पक्का स्टँड लावा.