थेरपीच्या खोलीचं दार उघडं ठेवा

मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, तेव्हा कोकणातल्या घरात दोनच गोष्टी होतात. एक तर "बापूस पण उशिराच बोललो" म्हणून सगळे गप्प बसतात, नाहीतर उसने पैसे काढून मुंबई गाठतात. मुंबईहून ऑटिझम (स्वमग्नता: बोलण्यात, लोकांत मिसळण्यात अडचण) लिहिलेली जाडजूड फाईल येते आणि कपाटात जाते.

आमचं स्पष्ट मत: निदानापेक्षा जास्त गाडी अडते ती थेरपीच्या खोलीच्या दारात. आई बाहेर बाकड्यावर, मूल आत, पाऊण तास झाला की "छान केलं आज" आणि पुढची तारीख. थेरपिस्ट तालुक्याला आठवड्यातून एकदा येणार, पावसात तेही चुकणार. मधले सहा दिवस मूल घरच्यांकडेच असतं, मग शिकवायचं कोणाला?

चांगला थेरपिस्ट पहिली दहा मिनिटं स्वतः करून दाखवतो, मग आईला करायला लावतो, चुकलं तिथे थांबवतो आणि घरी जाताना एकच काम कागदावर लिहून देतो. उदाहरणार्थ, पाणी मागणं. बाटली दिसेल पण हात पोचणार नाही अशी ठेवायची. मनात पाचपर्यंत मोजायचं. बोट, नजर, आवाज, काहीही आलं की लगेच "पाणी" म्हणत द्यायचं. "बोल, बोल" चा धोशा नको. हे फसतं दोन ठिकाणी: आजी मायेपोटी मागायच्या आधीच देते, किंवा आपण इतकं ताणतो की मूल रडतं आणि तेव्हाच पाणी मिळतं. मग ते रडून मागायला शिकतं. म्हणून आजीलाही एकदा त्या खोलीत न्या.

तपासणीची सोय जिल्ह्यात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि पुढे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लहान वयातच तपासणी-उपचार करणाऱ्या केंद्राकडे पाठवतं. आधी कान तपासून घ्या, बाकी सगळं नंतर. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी ऑटिझमची शंका तपासणारे एम-चॅट नावाचे 20 प्रश्न असतात. काळजीच्या प्रत्येक उत्तराला एक गुण. 3 ते 7 गुण आले तर पुन्हा खोदून विचारायचं, 8 किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञाकडे. "नावाला ओ देतो का?" ला घरचे पटकन "हो" म्हणतात, पण हातात बिस्किट धरून मारलेली हाक धरायची नाही. जेवताना, खेळताना, हाक मारताना असे छोटे व्हिडिओ मोबाईलवर घेऊन जा.

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा याचं, वेगळंच. नव्या जागी दहा मिनिटं कुठलंही मूल शांत बसू शकतं. लक्षणं 12 वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा अशा दोन जागी दिसायला हवीत. शाळेतल्या गुरुजींचा भरलेला फॉर्म न मागता गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना प्रश्न विचारा. खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून ती तर सुटतेच.

सहा वर्षांखाली आधी पालकांचं प्रशिक्षण, गोळी नंतरची. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध गावच्या मेडिकलात बहुधा नसतं. पट्टी संपायच्या आधीच सोय करा. साधी गोळी चारेक तासांत उतरते, त्यामुळे संध्याकाळच्या अभ्यासाला "गुण नाही" असं वाटतं. गोळीने भूक मंदावते, दुपारचा डबा तसाच परत येतो, म्हणून गोळीआधी पोटभर नाश्ता आणि रात्री नीट जेवण. वजन, उंची, नाडी, रक्तदाब मोजल्याशिवाय पुढची चिठ्ठी नको. आणि बागेतली कलमं विकून ऑटिझमसाठी स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारामागे लागू नका, त्याला पुरावा नाही.

ऑटिझमच्या बऱ्याच मुलांना मोठा आवाज सोसत नाही, म्हणून शिमगा आणि गणपतीच्या ढोल-ताशांचा विचार महिनाभर आधीच व्हायला हवा: कानावर मफ, मागल्या वर्षीचे फोटो दाखवणं, पालखी लांबून बघणं, घरात एक शांत खोली.

कागदपत्रांचंही क्लिनिकमध्येच सांगायला हवं. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत ऑटिझम आहे, एडीएचडी वेगळं धरलेलं नाही. पण विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आहे. एडीएचडीच्या बऱ्याच मुलांना ती सोबत असते, म्हणून वाचन-लेखनाची चाचणी मागून घ्या. दहावीच्या सवलतींसाठी ती आठवी-नववीतच झालेली बरी.