पंचवीस घरं, चोवीस खोडलेल्या भिंती

कोडिंग कधीपासून शिकवावं, हा महाराष्ट्रातला वाद बहुतेक वेळा यंत्रांपाशी येऊन अडतो. टॅब कोणत्या इयत्तेला, लॅब कोणत्या शाळेला, वगैरे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासून आहे. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळेतली केंद्र सरकारी अनुदानाची प्रयोगशाळा, तीही सहावीपासूनच, अनुदान २० लाखांपर्यंत. त्याखालच्या वर्गांच्या वाट्याला खासगी क्लासच्या जाहिराती. इकडे इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांना सूचनांचा क्रम लावणं आणि त्यातली चूक शोधणं अभ्यासक्रमातच आहे. हेवा करायचाच तर त्या ‘चूक शोधणं’ या दोन शब्दांचा करावा, उपकरणांचा नको.

इथल्या बऱ्याच शाळांत बी-बॉट ही मधमाशीसारखी गाडी असते. पुढचं बटण दाबलं की १५ सेंटीमीटर पुढे जाते, वळणाचं दाबलं की जागच्या जागी ९० अंशांत वळते. मुलांची चूक ठरलेली: उजवा बाण म्हणजे उजवीकडच्या चौकोनात सरकणं. हे कळायला गाडी कशाला हवी? शहाबादी फरशीवर खडूने भुलभुलैयाच्या भिंती आखा, एका मुलाला गाडी करा, दुसऱ्याने सूचना लिहाव्यात, तिसऱ्याने वाचाव्यात. लिहिणारा गाडीच्या समोर बसला की त्याचं डावं-उजवं उलटं होतं. होऊ द्यावं, बाईंनी मध्ये पडू नये.

खरी गंमत मात्र भुलभुलैया तयार करण्यात आहे. ‘सशाला गाजरापर्यंत पोहोचवा’ छापाची कोडी सोडवताना विचार आधीच दुसऱ्याने करून ठेवलेला असतो.

तिसरी-चौथीला ५ × ५ पुरे. कोऱ्या कागदावर २ सेंटीमीटरची २५ घरं पेन्सिलने आखायची. गणिताची चौकटीची वही नको. तिच्या छापील रेघा खोडता येत नाहीत आणि मुलांना त्याच भिंती वाटतात. बाहेरची चौकट सोडून आत ४० भिंती होतात. एका कोपऱ्यातल्या घरात टिंब द्यायचं. पुढे नियम एकच: टिंबाचं घर आणि कोरं घर यांच्यामधलीच भिंत खोडायची, मग त्या कोऱ्या घरात टिंब द्यायचं. आधी समोरच्या कोपऱ्यापर्यंतची खरी वाट, नंतर तिला फुटणाऱ्या फसव्या गल्ल्या. सगळ्या घरांत टिंबं पडली की थांबायचं. प्रत्येक नवं घर जोडायला एक भिंत जाते, पहिल्याला लागत नाही. म्हणून २४ जातात, १६ उरतात. आत-बाहेरची दोन दारं या हिशेबात धरायची नाहीत. स्केचपेन सर्वांत शेवटी. आधी हातात दिलं की खोडरबर निकामी.

आता उरलेल्या भिंती मोजायला लावा. १५ निघाल्या आणि कोरं घर एकही नाही, तर कुठेतरी टिंबाच्या दोन घरांमधली भिंत खोडली गेली आहे: वाट गोल फिरते. १६ आहेत, पण एक घर कोरंच राहिलंय? मग दोन्ही चुका एकदम झाल्यात, आणि हे हुडकून काढणारं मूल प्रोग्रामरच्याच कामाला लागलेलं असतं. उत्तर बरोबर की चूक, हे बाईंना न विचारता कागदच सांगतो.

हिशेब जुळला तरी भुलभुलैया फुसका असू शकतो. बहुतेक मुलं खरी वाट कडेकडेने ९ घरांत संपवतात आणि गल्ल्या एकेका घराच्या ठेवतात. त्या नजरेनेच कळतात. वाट किमान १३ घरांची आणि निदान दोन गल्ल्या तीन-तीन घरांच्या, एवढी अट पुरते. मग कागद शेजाऱ्याकडे द्यायचा. त्याने बोटाने वाट शोधावी, जिथून मागे फिरावं लागलं तिथे फुली करावी. एकही फुली नाही, तर गल्ल्या लांबवायच्या. लग्नपत्रिकेला ३ सेंटीमीटरचं भोक पाडून त्यातूनच बघायला लावलं तर सोपा कागदही अवघड होतो.

गोटीचा पुठ्ठ्यातला भुलभुलैया दिसतो छान, पण एका तासात होत नाही. ओल्या डिंकावर गोटी सोडली की भिंती आडव्या.

मायदेशातल्या शिक्षकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे: एकट्याने सगळ्या मुलांकडे बघायचं कसं? ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण शिक्षण हक्क कायद्यात आहे, इथे इंग्लंडमध्येही लहान वर्गांना ३० चीच मर्यादा. पण इथे बाईंच्या जोडीला बऱ्याचदा मदतनीस असते. दोनशिक्षकी शाळेत कोण असणार? तिथे चौथीने तयार करावं, दुसरीने सोडवावं, आणि फुल्यांचे कागद दुरुस्तीला परत चौथीकडे जावेत.