जादा वेळ म्हणजे फुकटचे गुण नव्हेत

दहावीची परीक्षा जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण) हे आळसाला दिलेले नवे नाव आहे, तिचे प्रमाणपत्र आणले की परीक्षेत जादा वेळ आणि उत्तरे लिहून देणारा लेखनिक मिळतो, त्यामुळे कष्टाळू मुलांवर अन्याय होतो आणि पुढे नोकरीत असा वेळ कोणीही देणार नाही. गोव्यातील फोंडा तालुक्यात अनेक वर्षे मराठी शिकवत आल्यामुळे या मजकुराला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

माझ्या सहावीच्या वर्गातील एक मुलगी ‘किती’ लिहिताना दर वेळी अडायची. उच्चारात ‘क’ आधी येतो, कागदावर मात्र पहिली वेलांटी त्याच्या डावीकडे बसते. बहुतेक मुलांच्या हे दुसरीपर्यंत अंगवळणी पडते, तिला मात्र प्रत्येक शब्दाला ते नव्याने ठरवावे लागे. तीन ओळी लिहिताना ती पेन्सिल इतकी दाबायची की मागच्या पानावर अक्षरे उमटत. तोंडी विचारले तर धड्यावरचा एकही प्रश्न ती चुकत नसे. याला आळस म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते.

प्रमाणपत्र केवळ अर्ज करून मिळत नाही. त्याआधी बुद्ध्यांकाची आणि वाचन, लेखन, गणित यांची चाचणी होते. गोव्यात तर ही तपासणी अधिकच काळजीपूर्वक व्हायला हवी, कारण घरी कोकणी बोलणारे, चौथीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जाते आणि तेथे अडखळणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते. अवधानाच्या अडचणीचे, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याच्या समस्येचे (एडीएचडी), निदानही नुसत्या चंचलपणावरून होत नाही. लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून आणि घरी व शाळेत, दोन्हीकडे दिसावी लागतात. अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, एका वेळी एकच सूचना देणे, यासाठी तर कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही.

अन्यायाचा मुद्दा मला सर्वांत चुकीचा वाटतो. इतिहासाच्या पेपरात इतिहासाची समज तपासली जाते, हाताचा वेग नव्हे, आणि जादा वेळ मिळाला तरी प्रश्न तेच राहतात, उत्तरेही त्याच कसोटीवर तपासली जातात. अध्ययन अक्षमतेचाही दिव्यांगत्वात समावेश करणाऱ्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याच्या 17व्या कलमात जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. डिसग्राफिया, म्हणजे लेखनाची अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीला नीट परीक्षेत हक्काचा जादा तास नाकारला गेला, तेव्हा 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले.

राहिला नोकरीचा प्रश्न. त्याच कायद्याच्या 20व्या कलमाने दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी योग्य त्या सोयी करून देणे सरकारी आस्थापनांवर बंधनकारक केले आहे.