ज्याची खावी पोळी आणि न्यायाधीश जॉन्सन

अमेरिकेतल्या एखाद्या फेडरल (केंद्रीय) जिल्हा कोर्टाने, म्हणजे तिथल्या केंद्रीय कोर्टांतल्या सगळ्यांत खालच्या पायरीने, सरकारी आदेश अडवला की आपल्याकडे एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: तिकडे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो, म्हणजे ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. नेमणूक तहहयात, म्हणजे ना धाक ना जाब. त्यापेक्षा लोकांनी निवडून दिलेले जज बरे. तसंही जिल्हा कोर्टाला विचारतो कोण, खरं ते सुप्रीम कोर्टात ठरतं. आणि हक्कांच्या बाजूने निकाल देणारे हे जज मुळात चळवळे असतात.

हे सगळे मुद्दे एकाच माणसाच्या कारकिर्दीवर घासून बघता येतात. फ्रँक एम. जॉन्सन, ज्युनियर. १९५५ ते १९७९ अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीचे फेडरल जिल्हा न्यायाधीश.

आधी पोळीचं बघू. नेमणुकीत राजकारण असतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. जॉन्सन अलाबामातल्याच विन्स्टन परगण्यातले. डोंगराळ भाग, गुलाम फारसे नाहीत, त्यामुळे १८६१ साली अलाबामा अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा इथल्या लोकांनी कडाडून विरोध केला होता. तेव्हापासून डेमोक्रॅट अलाबामात हा परगणा रिपब्लिकन राहिला. जॉन्सनचे वडील रिपब्लिकन आमदार होते. मुलगा १९४३ साली वकील झाला, नॉर्मंडीत लढताना जखमी झाला आणि १९५२ साली आयझेनहॉवर यांच्या प्रचारात माजी सैनिकांना एकत्र करत फिरला. आयझेनहॉवर निवडून आले. जॉन्सन आधी सरकारी वकील झाले आणि १९५५ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, न्यायाधीश. इथपर्यंत मजकूर लिहिणाऱ्याचं बरोबर आहे.

पण पुढचं बघा. त्याच वर्षी डिसेंबरात रोझा पार्क्स यांना बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली आणि माँटगोमेरीच्या काळ्या नागरिकांनी बसवर बहिष्कार टाकला. बसमधला वर्णभेद संपवणारा खटला मात्र पार्क्स यांचा नव्हता. तो ऑरेलिया ब्राउडर आणि आणखी तीन स्त्रियांचा होता. त्यांतली क्लॉडेट कोल्विन पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, अटक झालेली. (तिचं नाव आपल्याकडे अजूनही फारसं कुणी घेत नाही.) खटला तीन न्यायाधीशांपुढे चालला: रिव्हज, लिन आणि जॉन्सन. जून १९५६ मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, बसमधला भेद घटनाबाह्य. आता गंमत अशी की रिव्हज आणि लिन या दोघांनाही नेमलं होतं डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी. एकाने निकालपत्र लिहिलं, दुसऱ्याने विरोधी मत. पोळी एकाच घरची. टाळी कुणाची वाजली? आणि वॉटरगेटमध्ये निक्सन यांना टेप हजर करायचा हुकूम देणारे न्यायाधीश सिरिका हे रिपब्लिकन होते, आणि निक्सन उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या सरकारनेच त्यांना नेमलं होतं.

तहहयात नेमणुकीचा मुद्दा मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण निवडून आलेला जज कसा असतो हे बघायला अलाबामात लांब जावं लागत नाही. जॉन्सन यांचा कॉलेजातला वर्गमित्र जॉर्ज वॉलेस. दोघांची चांगली मैत्री. वॉलेस राज्याच्या कोर्टात लोकांच्या मतांवर न्यायाधीश झाला. १९५८ साली तो गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि हरला. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या दहशतवादी संघटनेचा पाठिंबा दुसऱ्या उमेदवाराला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत केंद्राच्या नागरी हक्क आयोगाने, काळ्यांना मतदार होऊ देत नाहीत या तक्रारीवरून, त्याच्याकडे मतदार नोंदणीची दप्तरं मागितली. वॉलेसने जाहीरपणे नकार दिला. जॉन्सन यांनी हुकूम सोडला, दप्तर दे नाहीतर अवमानाची कारवाई. वॉलेसने कागद गुपचूप ग्रँड ज्युरीमार्फत (खटला भरावा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) आयोगाला मिळतील अशी सोय केली आणि बाहेर आपण झुकलो नाही असं सांगत फिरला. १९६२ च्या प्रचारात त्याच जुन्या मित्राला तो जाहीर सभांत खोटारडा म्हणाला आणि निवडून आला. एकाच वर्गात शिकलेले दोन न्यायाधीश. एकाला पुढची निवडणूक होती, दुसऱ्याला नव्हती.

निवडणूक नव्हती याचा अर्थ किंमत मोजावी लागली नाही असा नव्हे. जॉन्सन यांच्या अंगणात क्रूस जाळला गेला (ही क्लॅनची धमकी द्यायची रीत), १९६७ साली त्यांच्या आईच्या घरी बॉम्ब फुटला. आई बचावली. असा माणूस दर चार-सहा वर्षांनी त्याच शेजाऱ्यांकडे मतं मागायला गेला असता तर काय झालं असतं, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

जाब नाही, ही तक्रार मात्र अगदीच पोकळ म्हणता येत नाही. घटनेत शब्द आहेत ‘सद्वर्तन असेपर्यंत’. वागणूक बिघडली तर महाभियोग. आजवर त्या वाटेने फक्त आठ फेडरल न्यायाधीश घालवले गेले. नेवाडाचे हॅरी क्लेबॉर्न करचुकवेगिरीत दोषी ठरून तुरुंगात गेले तरी राजीनामा देईनात. १९८६ साली सेनेटने काढेपर्यंत पगार चालू होता. तेव्हा जाब आहे, पण बैलगाडीच्या चालीचा.

जिल्हा कोर्टाला विचारतो कोण? मार्च १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर राज्य पोलिसांनी काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना झोडपलं. माँटगोमेरीपर्यंतच्या मोर्चाला संरक्षण द्या, हा हुकूम १७ मार्चला जॉन्सन यांनी दिला. साक्षी त्यांनी ऐकल्या, मारहाणीची फिल्म त्यांच्या कोर्टात दाखवली गेली. त्यांनी लावलेलं माप साधं होतं: अन्याय जेवढा मोठा, तेवढी निदर्शनांना मोकळीक. चार दिवसांनी मोर्चा निघाला. तो संपला त्या रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीने ने-आण करणाऱ्या व्हायोला लिउझो यांना क्लॅनवाल्यांनी गोळ्या घातल्या. राज्याच्या कोर्टात एका आरोपीवर खुनाचा खटला चालला. पहिल्या ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसरीने त्याला सोडून दिलं. डिसेंबरात जॉन्सन यांच्यापुढे तिघांवर नागरी हक्क डावलण्याच्या कटाचा खटला उभा राहिला. ज्युरी इथेही सगळी गोऱ्या पुरुषांचीच, आणि तीही अडली. जॉन्सन यांनी पुन्हा विचार करायला परत पाठवली. तिघे दोषी ठरले, दहा-दहा वर्षं. त्या कलमाखाली तीच कमाल शिक्षा होती.

आता चळवळे. त्याच सेल्मात, मारहाणीनंतर दोन दिवसांनी चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग पुन्हा निघायच्या बेतात असताना जॉन्सन यांनीच मोर्चाला मनाई केली होती, सुनावणी होईपर्यंत थांबा म्हणून. परवानगी दिली तीही अटींसह: रस्ता दोन पदरी असेल तिथे तीनशेहून जास्त माणसं नकोत. १९६१ साली ‘फ्रीडम रायडर्स’वर, म्हणजे वर्णभेद मोडायला गोरे-काळे मिळून बसने प्रवास करणाऱ्या कार्यकर्त्यांवर, हल्ले झाले तेव्हा त्यांनी क्लॅनला आणि माँटगोमेरी पोलिसांना हुकूम बजावला, पण रायडर्स पाठवणाऱ्या संघटनांनाही तात्पुरतं रोखलं. अलाबामातल्याच टस्कीगी शहराची हद्द राज्याच्या विधिमंडळाने अशी कातरली की चौकोनाचा अठ्ठावीस बाजूंचा आकार झाला आणि जवळजवळ सगळे काळे मतदार शहराबाहेर पडले. तो दावा जॉन्सन यांनी फेटाळला: हद्द ठरवणं विधिमंडळाचं काम. १९६० साली सुप्रीम कोर्टाने एकमताने तो निकाल उलटवला. चळवळीत नाव काढणाऱ्याच्या खात्यात अशा नोंदी नसतात.

टीकाकारांना खरं काही धरायचं असेल तर मनोरुग्णालयांचा खटला धरावा. अलाबामा राज्याच्या ब्राइस रुग्णालयात सुमारे ५,००० रुग्ण आणि थेट उपचाराला मानसोपचाराचं थोडंफार शिक्षण असलेले तीन डॉक्टर. इच्छेविरुद्ध कोंडलेल्या माणसाला उपचार मिळण्याचा घटनात्मक हक्क आहे, असं जॉन्सन यांनी १९७१ साली ठरवलं. राज्य हलेना, तेव्हा पुढच्या वर्षी मानकंच लिहून दिली: आठ रुग्णांमागे एक शौचकूप, पंधरांमागे एक शॉवर. न्यायाधीशाने शौचकूप मोजावेत का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त आहे. ते मोजायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नव्हतं, हेही तितकंच खरं. खटला २००३ साली बंद झाला. जॉन्सन यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.