म्हणे, जड सामान ट्रेलरच्या मागे टाका

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, ओढणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा: “सामान जास्त झालं तर घाबरू नका. जड वस्तू ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाका, म्हणजे गाडी मागून बसत नाही. सायकली मागच्या बंपरवर लावा, तो लोखंडीच असतो. गाडीची ओढायची क्षमता ट्रेलरच्या वजनापेक्षा जास्त असली की झालं. तरीही गाडी बसली तर मागच्या स्प्रिंगला हवेच्या पिशव्या (एअरबॅग) नाहीतर भार वाटून देणारा हिच (ट्रेलर अडकवायचा जोड) लावा. टायर फुगलेले दिसले की वजन ठीक. आणि ट्रेलर डोलायला लागलाच तर जरा वेग वाढवा, आपोआप सरळ होतो.”

ऐकायला हे सगळं व्यवहारी वाटतं, म्हणूनच टिकलंय. मधली वाक्यं खिशाला आणि गाडीला महागात पडतात. पहिलं आणि शेवटचं जिवावर बेतू शकतं. क्रमाने बघू.

“जड वस्तू मागच्या टोकाला टाका”

गाडी मागून बसते कारण ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर भार टाकतो. मागे वजन ठेवलं की हा भार कमी होतो आणि गाडी वर येते, इथपर्यंत खरं. पण ट्रेलर गाडीच्या मागे सरळ चालतो, त्यात या भाराचा मोठा वाटा असतो. उत्तर अमेरिकेत नेहमीच्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी हिचवरचा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवायला सांगतात. युरोपात कॅरव्हॅनसाठी (तिथे ट्रॅव्हल ट्रेलरला हेच म्हणतात) ५ ते ७ टक्के हा आकडा ऐकू येतो. तिथल्या बऱ्याच गाड्यांच्या टो-बॉलची, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्याची, मर्यादा ७५ ते १०० किलोच असते, आणि ओढण्याचा वेगही कमी ठेवतात. जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, वेगळी मान्यता घेतली तर १००. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात. टक्केवारी युरोपची आणि वेग अमेरिकन हायवेचा, अशी खिचडी मात्र करू नये.

आता गणित मांडू. समजा ट्रेलर भरून २४०० किलो आहे आणि हिचवर २८८ किलो, म्हणजे १२ टक्के. हिचपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत ५ मीटर, आणि अ‍ॅक्सलपासून मागच्या बंपरपर्यंत ३ मीटर. बंपरवर दोन इलेक्ट्रिक सायकली आणि त्यांचा रॅक मिळून ८० किलो लावले. अ‍ॅक्सल हा टेकू धरला तर हे ८० किलो हिचवरून ४८ किलो उचलतात (८० गुणिले ३, भागिले ५). हिचवर राहिले २४०, एकूण वजन झालं २४८०, टक्केवारी ९.७. मग कुणीतरी मागच्या कप्प्यात, अ‍ॅक्सलपासून अडीच मीटरवर, हत्यारांची ५० किलोची पेटी ठेवतो. आणखी २५ किलो उचलले गेले. आता २५३० किलोच्या ट्रेलरचे हिचवर फक्त २१५ किलो, साडेआठ टक्के. वजन वाढलं अवघं १३० किलो आणि ट्रेलर सुरक्षित पट्ट्यातून बाहेर. गंमत म्हणजे गाडी मागून आधीपेक्षा वर उचललेली दिसते, त्यामुळे मालक खूश!

दुसरी गोष्ट हिचच्या आकड्यात दिसतच नाही. ट्रेलर डावी-उजवीकडे वळू लागला की त्याला थोपवणं किती अवघड, हे वजन मध्यापासून किती लांब आहे यावर ठरतं, आणि त्यात अंतराचा वर्ग येतो. ५० किलोची पेटी मध्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवली आणि तीच ३ मीटरवर नेली, तर तिचा हा परिणाम सहापट नव्हे, ३६ पट होतो. खांद्यावर भरलेली कावड घेऊन झटकन वळून बघा: वळायला उशीर लागतो, आणि एकदा वळू लागलात की थांबता येत नाही. म्हणून “मागे ८० किलो लावले, मग पुढच्या दांड्यावर जनरेटर ठेवून तोल साधला” हा तोडगाही अर्धाच. हिचवरची टक्केवारी जागेवर येते, पण दोन्ही टोकांना वजन लटकल्यामुळे ट्रेलर डोलू लागला तर शांत व्हायला जास्त वेळ घेतो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात वजनाची मांडणी बदलता येईल असा ट्रेलर घेऊन चाचण्या झाल्या होत्या. वेगातल्या स्थैर्यावर मोठा परिणाम करणाऱ्या गोष्टींत हिचवरचा भार, वजनाचा पसारा आणि अ‍ॅक्सलची जागा या तिन्ही निघाल्या.

तेव्हा जड सामान खाली, फरशीवर, अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे. डबे, हत्यारं, फोल्डिंग खुर्च्या, सगळं तिथे, आणि ब्रेक मारल्यावर पुढे घसरणार नाही असं पट्ट्यांनी आवळून. टोकाच्या आणि वरच्या कप्प्यांत उशा, पांघरुणं, कपडे.

पाण्याचं कुणी बोलत नाही. १५० लिटरची टाकी भरली म्हणजे दीडशे किलो. ती अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे, हे बऱ्याच मालकांना ठाऊकच नसतं. खाली वाकून बघायला पाच मिनिटं पुरतात. सांडपाण्याची टाकी मागे असेल तर जाताना नीट चाललेला ट्रेलर परतीला डोलू शकतो, सामानात एक चमचाही न वाढता. निघण्याआधी ती रिकामी करावी.

“बंपर लोखंडीच असतो”

असतो, पण पोकळ. बऱ्याच ट्रॅव्हल ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चौकोनी नळी. आत सांडपाण्याचा पाइप ठेवायचा, फार तर स्टेपनी लावायची, एवढ्यासाठी ती असते. त्यावर रॅक लावला की वजन नळीच्या मागे लटकतं आणि नळीला पीळ बसतो. शिवाय ट्रेलरचं मागचं टोक खड्ड्यात जितकं आपटतं तितकं गाडीचं आपटत नाही. गाडीच्या हिचसाठी बनवलेले अनेक सायकल रॅक ट्रेलरच्या मागे लावू नका असं त्यांचे उत्पादकच सांगतात, ते यासाठीच. सायकली न्यायच्याच असतील तर गाडीच्या टपावर, पिकअपच्या हौद्यात किंवा ट्रेलरच्या आत अ‍ॅक्सलजवळ. मागेच लावायच्या असतील तर थेट चासीला जोडलेला आणि ट्रेलरसाठी मान्य असलेला आधार हवा, आणि वरचं ४८ किलोचं गणित तरीही चुकत नाहीच. पेट्रोलचे कॅन तर मागच्या बंपरवर अजिबात नकोत: मागून ठोकणाऱ्या गाडीचा पहिला फटका तिथेच बसतो. राहायच्या खोलीतही नकोत.

“ओढायची क्षमता जास्त असली की झालं”

जाहिरातीतला ओढण्याचा आकडा आणि तुमची भरलेली गाडी यांचा संबंध फार दूरचा आहे. अमेरिकेत हा आकडा काढण्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेचं जे२८०७ हे मानक वापरतात. त्यात गाडीत चालक आणि शेजारचा प्रवासी, दोघेही ६८ किलोचे, शिवाय हिचचं थोडं सामान एवढंच धरलेलं असतं. मागच्या सीटवर मुलं नाहीत, कुत्रा नाही, बर्फाचा डबा नाही. तुम्ही भरलेला प्रत्येक जास्तीचा किलो त्या आकड्यातून वजा होतो.

पण बहुतेकांची गाडी त्याच्याही आधी अडते ती पेलोडवर, म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर किती वजन वाहू शकते त्यावर. उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी-पांढरी पट्टी असते: माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोपेक्षा जास्त नको. समजा आकडा ६५० आहे. हिचवरचा भार याच खात्यात जातो, कारण तो गाडीच्याच चाकांवर येतो: २८८. भार वाटणाऱ्या हिचचं स्वतःचं वजन ४०. चार माणसं, २८०. झाले ६०८. उरले ४२ किलो, त्यात सगळ्यांच्या बॅगा. म्हणजे ट्रेलर “क्षमतेच्या निम्म्यावर” असतानाही गाडी काठोकाठ भरलेली असू शकते. आणि मग “थोडं सामान ट्रेलरच्या मागे ढकलू” हा मोह होतो. सगळ्या सल्ल्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं. पेलोड संपला की खरे मार्ग दोनच: सामान घरी ठेवणं किंवा मोठी गाडी.

ट्रेलरच्या बाजूलाही हाच घोळ आहे. माहितीपत्रकातल्या रिकाम्या वजनात पाणी नसतं, आणि कित्येकदा गॅस, बॅटरी, नंतर बसवलेला एसी नसतो. ट्रेलरवरच्या पट्टीवर त्याची सामान वाहण्याची मर्यादा लिहिलेली असते. नवा ट्रेलर घेताना झोपायच्या जागा मोजतात तशी ती पट्टीही वाचावी. मोठ्या, चकचकीत ट्रेलरमध्ये हा आकडा कधी कधी लाज वाटावी इतका छोटा असतो.

“एअरबॅग किंवा भार वाटणारा हिच लावा”

या दोन गोष्टी एका वाक्यात येतात हेच चूक. एअरबॅग गाडीची मागची बाजू उचलते, बस्स. मागच्या अ‍ॅक्सलवरचं वजन जवळजवळ तेवढंच राहतं, पुढची चाकं आधीइतकीच हलकी राहतात, आणि स्टिअरिंगची पकड पुढच्या चाकांतच असते. भार वाटणारा हिच वेगळं काम करतो: त्याचे दांडे ताणले की मागच्या अ‍ॅक्सलवरचा काही भार गाडीच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि काही ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर जातो. चांगली वस्तू आहे, जड ट्रेलरला बऱ्याच गाड्यांचे उत्पादक ती सक्तीची करतात. पण उत्पादकाने ठरवलेली मर्यादा दोन्हींपैकी कशानेही एक किलोनेसुद्धा वाढत नाही. आणि मागच्या बाजूला वजन भरलेल्या ट्रेलरला असा हिच लावला तर तो रोग झाकतो.

“टायर फुगलेले दिसले की ठीक”

डोळ्यांना काही कळत नाही. टायरच्या बाजूवर किती दाबाला किती भार हे लिहिलेलं असतं, दाब कमी तर वाहण्याची ताकदही कमी. दाब सकाळी, टायर थंड असताना मोजायचा. ट्रेलरच्या अनेक टायरना वेगाचीही मर्यादा असते, कित्येकांना ताशी १०५ किलोमीटर. जास्त भार आणि जास्त वेग एकत्र आले की टायर आतून तापतो आणि सोलला जातो.

एकूण वजन मर्यादेत असूनही एक बाजू जड असू शकते, कारण स्वयंपाकघर, फ्रिज आणि सरकती भिंत पुष्कळदा एकाच बाजूला असतात. म्हणून वजनकाट्याला पर्याय नाही. सामान भरून, सगळी माणसं गाडीत बसवून काट्यावर जा. आधी ट्रेलर जोडलेला, हिचचे दांडे सैल: गाडीची चारही चाकं काट्यावर, ट्रेलरची बाहेर. मग ट्रेलर सोडून नुसती गाडी. दोन आकड्यांतला फरक हा हिचवरचा भार. मग दांडे ताणून पुन्हा एकदा, प्रत्येक अ‍ॅक्सल वेगळा, म्हणजे कुठल्या अ‍ॅक्सलवर किती आलं ते दिसतं. ट्रेलरची एकेक बाजू काट्यावर घेता आली तर उत्तम. पुढच्या वेळी सामान वेगळं असेल तेव्हा पुन्हा.

“डोलला तर वेग वाढवा”

हे वाक्य टिकलंय कारण क्षणभर ते खरं वाटतं. ॲक्सिलरेटर दाबला की जोड ताणली जाते आणि ट्रेलर सरळ आल्यासारखा भासतो. पण डोलणं शांत करण्याची ट्रेलरची ताकद वेगाबरोबर घटत जाते. एका वेगापर्यंत प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होतो; तो वेग ओलांडला की प्रत्येक झोका मोठा होत जातो, आणि मागे वजन जितकं जास्त तितका हा उंबरठा खाली येतो. वेग वाढवणारा माणूस त्या उंबरठ्याकडेच धावत असतो. शिवाय कधीतरी वेग कमी करावाच लागणार, आणि तेव्हा त्याच धोक्याच्या पट्ट्यातून परत यावं लागणार.

पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. झोक्याच्या उलट फिरवायला गेलात तर हात नेहमी अर्धा झोका मागे पडतो आणि त्यात भरच घालतो. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर डॅशबोर्डजवळच्या कंट्रोलरचा दांडा हाताने हलकेच दाबा: फक्त ट्रेलर मागे खेचला जातो आणि जोड ताणली जाते, म्हणजे वेग वाढवून जे साधायचं म्हणतात ते वेग कमी करून साधतं. युरोपातल्या बहुतेक कॅरव्हॅनमध्ये ट्रेलर गाडीवर ढकलला गेला की आपोआप लागणारे ब्रेक असतात, तिथे हा दांडा नसतो. फक्त वेग उतरू द्यायचा. गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नाही. उतारावर ही वेळच येऊ नये म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका.

थांबल्यावर आधी मागचं सामान अ‍ॅक्सलजवळ आणा, मागच्या टाक्या आणि टायरचा दाब बघा. सामान हलवायला जागाच नसेल तर ज्या वेगाला ट्रेलर डोलला त्याच्या बऱ्याच खाली राहून जवळचा वजनकाटा गाठा.